दातांच्या दवाखान्यात फंक

"आठ दिवसांत जगातलं आजचं सगळ्यात चांगलं संगीत आपल्या दवाखान्यात वाजेल, बघच तू," असं दातांच्या डॉक्टरांनी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या चिमट्यात एका गृहस्थांची अक्कलदाढ होती आणि गृहस्थ पूर्ण शुद्धीत होते. म्हणजे साक्षीदार होता. माघार घ्यायची सोय राहिली नाही.

ही वेळ आली बासरीमुळे. दवाखाना उघडला त्या दिवशी डॉक्टरांनी बासरीची एक ध्वनिफीत लावली, पुढे तीच मोबाइलमध्ये भरून घेतली. एकोणीस वर्षं तीच बासरी. पेशंटला ती अर्धा तास ऐकावी लागे. काउंटरवर बसणाऱ्या बायकोला दिवसाचे आठ तास. त्या सकाळी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, एक तर ती बासरी राहील, नाहीतर मी. कोण ते तुम्ही ठरवा. माझ्यात आता ठरवायचंही त्राण नाही."

ती चिडली असती तर डॉक्टर निर्धास्त राहिले असते. हळू आवाजाला ते घाबरत.

डॉक्टरांचं वय बावन्न. लोकांच्या तोंडात वाकून वाकून पाठीचा आकडा झालेला. संगीतातलं ज्ञान म्हणाल तर केस कापताना सलूनमध्ये जे कानावर पडेल तेवढंच. म्हणून त्यांनी कवळीवाल्याला गाठलं. हा कवळीवाला दर मंगळवारी तयार कवळ्या आणून देई आणि त्याच्या कानात कायम इअरफोन असत. आपल्या कारखान्यात, दातांच्या साच्यांमध्ये बसून तो बेस गिटार वाजवतो अशी बातमी होती.

"जुने मोठे कलाकार सगळ्यांनाच माहीत असतात, डॉक्टर," तो म्हणाला. "आज, या घडीला जे वाजवतायत ते ऐका." आणि त्याने औषधाच्या चिठ्ठीमागे सत्तावीस नावं लिहून दिली. जॅझ, सोल, फंक असे तीन रकाने.

"यात फरक काय?"

"जॅझमध्ये सगळे बरोबर निघतात, वाटेत चुकामूक होते, पण मुक्कामाला भेटतात. सोलमध्ये गाणारा फक्त तुमच्याशी बोलत असतो. आणि फंकमध्ये पाय तुमचा राहत नाही."

आठवडाभर डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत परीक्षेला बसल्यासारखे ऐकत राहिले. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कोणीतरी भांड्यांची मांडणी जिन्यावरून ढकलून दिलीय. तिसऱ्या दिवशी मात्र एका तरुण बाईने सॅक्सोफोनवर असा काही सूर लावला, की घास हातातच राहिला. जणू कोणी दमून घरी आलंय आणि दार लोटून घेऊन दिवसभराचं सगळं सांगतंय. डॉक्टरांना वाटलं, ही बाई आपल्याला ओळखते. त्यांनी ते दोनदा ऐकलं. दुपारचा पहिला पेशंट बाहेर ताटकळला.

सोमवारी जॅझ सुरू झालं. नीट ऐकू यावं म्हणून डॉक्टरांनी स्पीकर बाहेरून उचलून आत खुर्चीशेजारी ठेवला, आणि तिथेच चुकलं. आत एका शिंप्याची दाढ कोरणं चाललं होतं. सॅक्सोफोन चढत चढत गेला, किंचाळला, विव्हळला, पुन्हा किंचाळला. बंद दारातून बाहेर एवढंच पोहोचत होतं.

"इतका वेळ कोणी ओरडतं का हो?" एका पोस्टमनने विचारलं.

"आता थांबला वाटतं," शेजारची बाई म्हणाली.

"शुद्ध हरपली असेल."

मग ढोल सुरू झाले. पोस्टमन उठला. पाठोपाठ ती बाई. तिसरा माणूस तर छत्री विसरून गेला. थोड्या वेळाने अर्धा चेहरा लोंबकळत शिंपी बाहेर आला आणि बधिर ओठांनी "फार फजा आली" म्हणाला. त्यावर उरलेली एकमेव आजीबाई डोळ्याला पदर लावून चालती झाली.

मंगळवारी सोल. गाणारा इतक्या जिव्हाळ्याने गायला, की खुर्चीतल्या बँकेच्या कॅशिअरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुखतंय समजून डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. पाणी थांबेना. आणखी एक दिलं. शेवटी कॅशिअरने कागद मागून लिहिलं : 'दुखत नाही. आईची आठवण आली.' त्याचा ओठ संध्याकाळपर्यंत जागेवर आला नाही आणि कॅश काउंटरवर त्याचं बोलणं कुणालाच कळेना.

"पुरे झालं आता," बायको म्हणाली. पण डॉक्टर मागे हटण्याच्या पलीकडे गेले होते. एक रकाना उरला होता.

गुरुवारी शाळेच्या मुख्याध्यापिका दात साफ करून घ्यायला आल्या. कडक इस्त्रीची साडी, कडक नजर. डॉक्टरांनी फंक लावलं, त्यांच्या दातांना गुलाबी पेस्ट फासली आणि फिरता ब्रश हातात घेतला. आता हा ब्रश पायाखालच्या पॅडलवर चालतो. पॅडल दाबलं की फिरतो, सोडलं की थांबतो. आणि पाय डॉक्टरांचा राहिला नव्हता.

ब्रश घुर्र करून थांबला. घुर्र-घुर्र, थांबला. घुर्र. पेस्टचा पहिला शिंतोडा चष्म्यावर गेला, दुसरा दिव्यावर, तिसरा भिंतीवरच्या पदवीवर. डॉक्टरांनी पाय आवरायचा मनापासून प्रयत्न केला. तेवढ्यात तुताऱ्या वाजल्या आणि पायाने उसळीच घेतली. साडीवर गुलाबी रांगोळी उमटली.

मुख्याध्यापिकांनी हात वर केला. वर्ग चिडीचूप झाला, म्हणजे डॉक्टर. त्या उठून बसल्या, चूळ भरली, चष्मा पुसला.

"तीस वर्षं मी मुलांकडून कवायत करून घेतलीय," त्या म्हणाल्या. "तुमचा पाय दर चौथ्या ठोक्याला मागे पडतोय. एक तर नीट शिका, नाहीतर बंद करा."

डॉक्टरांनी बंद केलं. साडीच्या धुलाईचा खर्च देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यामुळे जास्तच लाज वाटली.

दुपारी ते काउंटरवर गेले. खांदे पडलेले, कोटावर गुलाबी ठिपके. "उद्यापासून काहीच वाजणार नाही," ते म्हणाले. "बासरी नाही, काही नाही. तू राहा म्हणजे झालं."

बायकोने समोरची वही मिटली. मग हात पुढे केला. "ती चिठ्ठी द्या बघू. रोज जेवण थंड होईपर्यंत काय ऐकत होतात, मलाही कळू दे."

आता दवाखान्यात शांतता आहे, म्हणजे दात कोरायचा आवाज गल्लीपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. पेशंट घटलेत. बायको मात्र टिकली. काउंटरवर कानात इअरफोन घालून ती अशी बसते, की तिला फोन ऐकू येत नाही, घंटा ऐकू येत नाही, डॉक्टरांच्या हाका तर नाहीतच. पुढचा पेशंट पाठव म्हणून सांगायला डॉक्टरांना दर वेळी हातमोज्यांसकट स्वतः बाहेर यावं लागतं. कोपराने खांद्याला हलवलं की ती एका कानातलं काढते.

"थांबा जरा," ती म्हणते. "सॅक्सोफोन चाललाय."

आणि डॉक्टर दोन्ही हात वर धरून, शिक्षा झालेल्या मुलासारखे, तो संपेपर्यंत उभे राहतात. सॅक्सोफोन सहसा लवकर संपत नाही.