‘पाहिले’

सकाळी बहिणीचा फोन आला. रोज ती आधी "चहा झाला का रे दादा?" असं विचारायची. आज एकदम म्हणाली,

"माझी शिलाई भिकार आहे का?"

"कोण म्हणतं असं?"

"गिऱ्हाईक म्हणतंय, मोबाइलवर, सगळ्या गावासमोर. आणि खाली तू अंगठा दिलायस!"

हेडक्लार्कच्या नोकरीत दादांनी एकच शिस्त पाळली होती: समोर आलेला कागद ‘पाहिले’ अशी सही केल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही. मजकूर पटतो की नाही, ते साहेब बघतील. निवृत्तीनंतर मोबाइल हाती आला, प्रत्येक मजकुराखाली अंगठा दिसला, आणि दादांना वाटलं, हीच सहीची जागा. तेव्हापासून कुणाचं लग्न असो, कुणाचं मरण असो, अंगठा चुकला नव्हता.

"अगं, आवडलं म्हणून नव्हे, नुसतं पाहिलं म्हणून..."

"माझं दुकान बुडतंय आणि तू नुसतं पाहतोस!"

फोन बंद झाला. दादांना दिवसाकाठी येणारा तेवढा एकच फोन होता.

शेजारच्या नर्सबाईंनी अंगठा काढून दिला. पण मोबाइलची समजूत पक्की झाली होती. त्याने शिलाईच्या जुन्यापान्या तक्रारी हुडकून दादांपुढे वाढायला सुरुवात केली. दादा काळजीने एकेक वाचत. जितकं वाचत तितकं आणखी येई.

"काका, वाचूच नका ना!" नर्सबाई म्हणाल्या.

"न वाचता पुढे कसं ढकलू?"

"मग निदान बोट तरी लावू नका कशाला."

दादांनी हा हुकूम मानला. चार दिवसांनी बहिणीने दोघांचा लहानपणीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘भांडला तरी भाऊच तो.’ दादांचे डोळे भरून आले. बोट पुढे गेलं, पण त्यांनी ते आवरलं. पुन्हा घोळ नको. आता राग गेलाय, उद्या ती फोन करेलच.

फोन आला नाही. फोटोही दिसेना.

नर्सबाईंनी मोबाइल खालीवर करून पाहिला. "काका, ताईंनी तुम्हाला मित्रयादीतून काढून टाकलंय."

"का? मी तर काहीच केलं नाही!"

"तेच तर. कुणी कुणी पाहिलं ते त्यांना दिसतं. तुम्ही पाहिलंत, आणि साधा अंगठासुद्धा दिला नाहीत."

त्या गेल्यावर मोबाइलने आपणहून बहिणीचा चेहरा पुढे केला. खाली विचारलं होतं, ‘तुम्ही यांना ओळखता का?’

"ओळखतो," दादा हलक्या आवाजात म्हणाले.

मोबाइलने थोडी वाट पाहिली. मग त्याने दुसराच कुणाचा तरी चेहरा दाखवला.