वामनरावांची बंद पेटी

वामनराव लांजेवार सहसा कशाचं झाकण उघडत नसत. जेवणाचा डबासुद्धा आधी हलवून, हुंगून "वांगं आहे, तिखट जास्त पडलं" असा निकाल देत आणि मगच नाइलाजानं उघडत.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी उभी राहत होती, तेव्हा विजेच्या तपासणी विभागात मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांचा हिशेब सोपा. पेटीत ट्रान्सफॉर्मर असो की आणखी काही, तारेची दोन टोकं अलीकडे, दोन पलीकडे. पलीकडची टोकं मोकळी सोडून अलीकडून विजेला होणारा अडथळा मोजायचा, मग ती एकमेकांना जोडून मोजायचा, मग बाजू बदलून पुन्हा तेच. चार आकडे हाती आले की पेटीचा स्वभाव कळला. "आत कशाले पाहता? चार आकडे सांगून राहिले ना सारं!"

एकदा रशियाहून सीलबंद पेटी आली, आतल्या जोडणीचा नकाशा मागेच राहिला. सगळे पेटी उघडायला पेचकस घेऊन धावले. वामनराव पेटीला पाठ लावून उभे राहिले, कुणाला हात लावू देईनात. अर्ध्या तासात त्यांनी आकडे खडूनं झाकणावर लिहिले. पुढे नकाशा आला आणि आकडे तंतोतंत जुळले. रशियन साहेबानं त्यांना मिठीच मारली. वामनराव आठवडाभर लाजत होते.

त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, दोन बाळं जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेला मी वामनरावांबरोबर इस्पितळात होतो. वहिनींना आत नेलं, दार लागलं. हा गृहस्थ बाकावर बसून वहीत लिहू लागला: "आत गेलं: गरम पाणी, दोन बादल्या. बाहेर आलं: नर्स, रिकाम्या हातानं." मला हसू येत होतं, तरी नजर दारावरच होती.

वहिनी ओरडल्या. मग काहीच ऐकू येईना. वामनरावांनी वही टाकली आणि सरळ दार ढकलून आत डोकं घातलं.

"बाबूजी! बाहर बैठिए!" नर्सनं दार त्यांच्या नाकावर आपटलं.

"तुम्ही तर आत पाहत नाही ना?" मी चिडवून त्यांना हलकं करायला गेलो.

"अबे, ज्या पेटीत स्वतःची बॅटरी नाही, तिचं ते गणित," ते म्हणाले. "इथं जीव आहे आत. मले लय भेव वाटून राहिलं."

तेवढ्यात बाळ रडलं, चांगलं खणखणीत. नर्स बाहेर आली. "लड़की हुई है."

"और वो? उसकी माँ?" वामनरावांनी विचारलं.

"दोनों ठीक हैं. घंटे भर बाद मिलना."

वामनराव इस्पितळाच्या पायरीवर येऊन बसले. "घरी पाळणा नाही रे," ते म्हणाले. "दोनदा आणला, दोनदा देऊन टाकला. या खेपेले आणाची हिंमतच झाली नाही."

आम्ही तसेच सायकलींवरून शेजारच्या दुर्गच्या बाजारात गेलो. परतताना पाळणा त्यांच्या डोक्यावर, दोन्ही सायकली माझ्या हातात. रस्त्यात जो भेटेल त्याला, ओळखीचा असो नसो, वामनराव थांबवून सांगत होते, "दोघीबी चांगल्या आहेत!"