मानूस जायाचा हितं!

चाकणला खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा घरमालक नानांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "रक्तगट कंचा?"

"बी पॉझिटिव्ह."

"ऱ्हावा मंग. माजाबी त्योच हाय."

नाना गावातले जुने शेतकरी. जमिनीवर कंपन्या आल्या, पोरं शहरात गेली आणि नानांना एकच काम उरलं: पुढचा अपघात कुठे होणार ते आधी सांगायचं. रस्त्यावरच्या टायरच्या काळ्या रेघा, आरशांच्या काचा, कुणाची सुटलेली चप्पल, सगळं वाकून बघायचे. मग कमरेवर हात ठेवून निकाल: "मानूस जायाचा हितं!" माझ्यासाठी सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी निघताना हेच ऐकवलं. पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत.

आमच्या कंपनीच्या गेटसमोर कुणीतरी दुभाजक फोडून वाट केली होती. शिफ्ट सुटली की दुचाक्या तिथून घुसायच्या आणि पलीकडून कांद्याचे ट्रक भरधाव यायचे. ती वाट बंद झालीच पाहिजे, असं नानांनी मनावर घेतलं.

रस्त्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "आजोबा, तिथं अजून कुणी मेलेलं नाही."

"मंग मुडदा घिऊन येऊ व्हय?"

नाना रोज जाऊन ऑफिसच्या दारात बसू लागले. शेवटी साहेब कंटाळून जागा बघायला आले. नेमकी शिफ्ट सुटली. एक ट्रक दुचाकीपाशी असा करकचून थांबला, की साहेबांनी नानांचा दंडच धरला. वाट बुजली.

आता वळसा लांब पडतो म्हणून कामगार नानांच्या नावाने बोटं मोडतात. चहावाला एकदा हसून म्हणाला, "नाना, भाकीत फसलं की तुमचं! कुनीच गेलं न्हाई."

"फसावं म्हनूनच खेटं घातलं, गड्या."

परवा शिफ्ट सुटली, तर नाना गेटसमोर उभे. प्रत्येक दुचाकीवाल्याचं तोंड निरखत होते.

"कुणाला शोधताय, नाना?"

"जो वाचला त्येला."

"कोण वाचला?"

"त्येच तर कळंना. यातलाच कुनीतरी आसंल. त्येला सुदीक म्हाईत न्हाई." नाना कसनुसं हसले. "घावला आस्ता तर घरी जेवाया न्येला आस्ता. येकट्याला घास उतरत न्हाई, राव."

मी गाडी बंद केली. "नाना, मीपण तिथूनच वळायचो की."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डोळे पुसून मागच्या सीटवर बसले.

"चला तर," म्हणाले. "पिठलं टाकतो."