मालतीबाईंचा गाण्याचा तास

२६ जानेवारी, रविवार. स्थळ : तारापूरच्या खाडीकाठची आमची बालवाडी. हजर : महिला मंडळाच्या अध्यक्षा विमलताई, बोईसरच्या कारखान्याचे देणगीदार साहेब, त्यांच्या पत्नी, मच्छीमारांच्या मांगेलआळीतल्या झाडून सगळ्या आया, मुलं, आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर : कोणी नाही. गाण्याच्या बाई मालती पागधरे हजर होत्या, पण जागेवर नव्हत्या. त्या फाटकाबाहेर साहेबांच्या जीपला कान लावून उभ्या होत्या आणि चमच्याने बॉनेट वाजवून पाहत होत्या.

"मालतीबाई, काय चाललंय?"

"बगते, कशी बोलते ती." त्यांनी मडगार्डवर एक टिचकी मारली. "बॉनेट ठसकं हाय. मडगार्ड गोड. पोरांना बाहेर आनू काय?"

"आज नको. आत चला."

"मंग सायबाला सांगून ठेवा, चिटणीसबाय. परत याल तवा हीच गाडी आना."

हा चमचा जुना, पितळी. मालतीबाईंच्या कापडी पिशवीत तो दोन करवंट्यांच्या सोबतीने असे, आणि वाटेत जे जे दिसेल त्याच्यावर वाजे. खांब, घागर, दुधाची किटली, पोस्टाची पेटी. एकदा बोईसरहून एस.टी.ने येताना पाम फाट्यावर गाडी थांबली. कंडक्टर पान आणायला खाली उतरला. मालतीबाईंनी समोरच्या दांडीवर सहज दोन ठोके दिले. ड्रायव्हरने ती डबल बेल समजून गाडी सोडली. कंडक्टर पानासकट मागून धावतोय आणि मालतीबाई शेजारणीला सांगतायत, "बगा, पुढचा डायवर पन ऐकतो. ताल सगळ्यांना कळतो."

त्यांना ठेवलं मीच. संगीताची एकही परीक्षा त्यांनी दिली नव्हती. आळीतल्या लग्नांत त्या गायच्या आणि मुलं त्यांच्या मागे मागे फिरायची, एवढंच मी पाहिलं होतं. आठवड्यातून तीन सकाळी त्यांचा तास असे. त्या तासाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाणं कुठेच दिसेना. अर्धी मुलं सुपात तांदूळ घेऊन पाखडत होती, अर्धी बोरिंगवर हात धूत होती.

"तास सुरू कधी होणार?" मी विचारलं.

"मघाच झाला. ऐका ना. फट् फट् फटाक्, हा सुपाचा. आनि पंप वर जाताना जो कुईं करतो, तो आमचा सा."

खरोखरच मुलं हात धुताना पंपाच्या कुरकुरीत आपला आवाज मिसळत होती, आणि मिसळला की पुढच्याला जागा देत होती. हात धुण्यासाठी ढकलाढकली न करणारी मुलं मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढे एका दुरुस्तीच्या फेरीत मी त्या पंपाला ग्रीस लावून घेतलं. काम चोख झालं होतं. दुसऱ्या दिवशी मालतीबाई माझ्या दारात.

"चिटणीसबाय, पंप मुका केलात."

"अहो, केवढा कुरकुरत होता तो."

"कुरकुरत नव्हता, गात होता. आता पोरांनी सा कुठनं घ्यायचा? तुमच्याकडनं?"

माझा सा काय लायकीचा आहे ते माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. सुदैवाने खाऱ्या वाऱ्यात काही टिकत नाही. पावसाळा संपेपर्यंत पंप पुन्हा गंजला आणि गायला लागला.

स्वर लिहिण्याची त्यांची पद्धतही त्यांचीच. बोंबील वाळवायला बांबूंवर एकाखाली एक दोऱ्या बांधतात, तशा त्यांनी अंगणात सात दोऱ्या बांधल्या होत्या. मुलांनी कागदाचे बोंबील कातरायचे आणि टांगायचे. खालच्या दोरीवरचा बोंबील म्हणजे सा, सगळ्यात वरच्या दोरीवरचा नी. मुलं बोंबील वाचत गात. वाऱ्याने एखादा पडला की तेवढ्या जागी सगळी श्वास घेऊन थांबत. मंडळाने पेटी आणली, तेव्हा मालतीबाईंनी ती झाकून ठेवली. "पेटी ऱ्हाऊ दे. ती आयता सूर देते. पोरं शोधायची बंद होतील."

विमलताईंना हे पसंत नव्हतं. पालघरला एक बाई होत्या, सगळ्या परीक्षा पास झालेल्या. तासाचं मानधन देणगीदार साहेब देणार होते, आणि मालतीबाईंचा तास पुढे ठेवायचा की पालघरच्या बाईंना आणायचं, हे त्या दिवशीचा कार्यक्रम पाहून ठरणार होतं. मालतीबाईंना मी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"तास नाय तर मी काय करू?" त्या एवढंच बोलल्या होत्या. मग पिशवी उचलून दोऱ्या घट्ट करायला गेल्या.

झेंडावंदन झालं. मुलं सुपं, डबे, करवंट्या घेऊन ओळीत बसली. समोर कागदी बोंबील. सुरुवात इतकी सुरेख झाली की साहेबांचा बूट जमिनीवर ठेका धरू लागला. मी विमलताईंकडे पाहिलं. त्याही विसरून मान हलवत होत्या.

तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून इंजिनाचा आवाज आला. पहिल्या ओळीतला एक मुलगा उठला, सूप नीट खाली ठेवलं आणि चालता झाला. पाठोपाठ दोन बहिणी उठल्या. मग दुसरं इंजिन, तिसरं. एकेक मूल उठून, वस्तू जागेवर ठेवून, बंदराकडे निघालं. आयांनीही पदर खोचले आणि दाराशी ठेवलेल्या मासळीच्या पाट्या उचलल्या.

हा मालतीबाईंचाच खेळ होता. बोट लागली की आळीतल्या पोरांना आईबरोबर मासळी निवडायला जावंच लागतं. तास मोडतोच. म्हणून त्यांनी नियम केला होता : आवाजावरून आपली बोट ओळखायची, ज्याची असेल त्यानेच उठायचं, तेही आवाज न करता. आज पाहुणे आहेत, म्हणून नियम बंद, हे सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी अंगणात एकच मुलगी उरली. कारखान्यात कामाला आलेल्या एका उत्तरेकडच्या माणसाची लेक, गुड्डी. ती करवंट्या वाजवत होती, पण डोळे भरले होते.

"मेरी तो बोट ही नहीं है," ती म्हणाली.

मालतीबाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. "मंग आपन दोघी पुरं करू." आणि त्या दोघींनी शेवटच्या बोंबलापर्यंत गाणं पुरं केलं.

"संपलं का?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"संपलं, सायेब," मालतीबाईंनीच उत्तर दिलं. चेहरा नुसता फुललेला. "आनि एक पन पोर चुकलं नाय. जो तो आपल्याच बोटीला उठला."

विमलताईंनीही संधी चुकवली नाही. पुढच्याच बैठकीत ठराव झाला : जूनपासून पालघरच्या बाई. साहेबांची हरकत नव्हती. मालतीबाईंना कळवण्याचं काम चिटणिसांकडे.

काम अंगावर घेतलं की मी ते ठेवत नाही. दुसऱ्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. उंबऱ्यावर बसून त्या लसूण सोलत होत्या. मी "मालतीबाई" म्हणते तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दूर, खाडीबाहेरून एक इंजिन चाललं होतं. मला त्यात काही वेगळं वाटेना. मालतीबाई मात्र उठल्या. भिंतीला टेकवलेली पाटी उचलली, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. इंजिन बंदराकडे वळलं नाही. उत्तरेला निघून गेलं.

त्या परत येऊन बसल्या.

"आमची होती," म्हणाल्या. "यांची. हे गेल्यावर दिराने विकली. आता डहाणूकडे हाय. रंग बदलला, नाव बदललं. आवाज तोच."

"रोज उठता?"

"पाय उठतात. मी काय करू?" त्यांनी लसणाची पाकळी हातात घेतली. "पोरं उठली त्या दिवशी, तुमाला राग आला ना? मला नाय आला. ज्याची येते त्याने जावं. ज्याची नाय, त्याच्याजवळ मी बसते. तुमी काय सांगायला आलात?"

"काही नाही," मी म्हणाले. "सुपं जुनी झालीत. नवीन किती लागतील, ते विचारायला आले."

"मोठी नको. पोरांच्या हाताची आना."

सुपं त्याच आठवड्यात पोचवली. पालघरच्या बाईंना जूनमध्ये मी आमच्या मंडळाच्या बेटेगावच्या वर्गावर लावून दिलं. तिथे पेटी वाजते आणि त्या खूश आहेत. दोघींच्या मानधनाच्या कागदावर साहेबांची सही आणली. विमलताईंच्या जागी आता दुसऱ्या अध्यक्षा आल्या आहेत, आणि दर बैठकीला त्या मागची कामं वाचून विचारतात.

सगळी झालेली असतात. मालतीबाईंना कळवायचं तेवढं राहिलं आहे.