दगडगव्हाणची थंड हवा

उत्तरेश्वरच्या परसात सरकारी हवामान यंत्र बसलं, त्या दिवशी त्यानं गावात पेढे वाटले. उन्हाचे पेढे वाटणारा माणूस दुसरीकडं सापडायचा नाही, पण त्यालाही कारण होतं. दगडगव्हाणचं ऊन आजवर मोजलं जायचं तालुक्याच्या गावी, कचेरीमागच्या डेरेदार लिंबाखाली. तिथं पारा चाळिशीच्या आतबाहेर करायचा आणि इकडं माळावर शेळ्या झोकांड्या खाऊन पडायच्या. यंदा कचेरीनं नवा नियम काढला होता. ज्या गावात पारा बेचाळिसाच्या वर जाईल, त्या गावाला पाण्याच्या टँकरची दुसरी खेप. पहिली खेप रोज येतच होती. ती विहिरीत ओतली की अर्ध्या गावाचे हंडे भरायचे आणि उरलेलं अर्धं गाव एकमेकांच्या झिंज्या धरायचं.

उत्तरेश्वरला दुसरी खेप इतरांपेक्षा जास्त हवी होती. वैशाखात त्याच्या लेकीचं, राजनंदिनीचं, लग्न होतं. व्याही हिंमतराव ढोकीकडचे, उसातले माणूस. त्यांनी सुपारी फोडतानाच सांगून ठेवलं होतं, "लग्न तुमच्या दारात करू, आमची ना न्हाय. पर माझं वऱ्हाड पाण्यावाचून तडफडलं, तर अक्षता आमच्याच दारात पडतील." लेकीला आपल्या दारातून वाटे लावायचं, एवढी एकच हौस उत्तरेश्वरनं धरली होती. त्यासाठी गावात ऊन असणं पुरेसं नव्हतं. ते कागदावर असायला हवं होतं.

यंत्र बसवायला यज्ञेश नावाचा तरुण साहेब आला होता. लोखंडी खांबावर पांढऱ्या थाळ्यांची उतरंड, आत तापमापक, वर एक चकती. जाताना त्यानं उत्तरेश्वरच्या म्हाताऱ्या आईला, कडूबाईला, लाघवीपणानं सांगितलं, "आजी, नाजूक आहे बरं का हे. नातवासारखं जपा." शहरातली माणसं असं बोलून जातात आणि विसरतात. कडूबाई विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसात गेली, तेव्हा नातू भर उन्हात उभा होता. डोक्यावर पान नाही की फडकं नाही. कडूबाईला गलबलून आलं. पाण्याच्या रांजणाला गुंडाळतात तसं तिनं एक गोणपाट भिजवून त्या थाळ्यांना गुंडाळलं आणि ते सुकलं की तांब्याभर पाणी वरून सोडू लागली. हे पाणी तिनं कुणाचं चोरलं नव्हतं. स्वतःची अंघोळ तिनं एक दिवसाआड केली होती. घरातल्या बाया पापड-कुरडयांत गुंतलेल्या, उत्तरेश्वर पत्रिका वाटत फटफटीवर गावोगाव हिंडत होता. तो परतायचा तोवर उन्हं कलायची आणि गोणपाट उतरून वळणीवर पडलेलं असायचं.

त्या आठवड्यात मोबाइलवर हवामानाचा सल्ला आला. येत्या पाच दिवसांत जिल्ह्यात हवामान कोरडे राहील, उष्णतेची लाट येईल, फळबागेस सायंकाळी हलके पाणी द्यावे. उत्तरेश्वरनं तो आटलेल्या बोअरच्या केसिंगवर बसून वाचला. फळबागेला पाणी द्यायचा सल्ला देणाऱ्याच्या तोंडाला पाणी लावायलासुद्धा त्याच्याकडं पाणी नव्हतं. पण लाट येतेय हे वाचून त्याला बरं वाटलं. असली लाट मागणारा बाप त्या दिवशी जिल्ह्यात दुसरा नसेल.

लाट आली. पेपरात गावोगावचे आकडे आले. सगळीकडं त्रेचाळीस, चव्वेचाळीस. दगडगव्हाण तेहतीस. मथळाही होता, 'जिल्ह्याची होरपळ, दगडगव्हाण मात्र गारेगार'. ज्या गावाचं नाव कधी निधनवार्तेतही आलं नव्हतं, ते पहिल्या पानावर आलं.

दुपारच्या आत हिंमतरावांचा फोन आला. "पाव्हणं, येवढी थंड हवा अन् आमाला बोलला न्हाईत?"

"व्याही, कसली थंडी? हितं जीव चाललाय."

"पेपरात हाय की. आमी हिकडं भाजून निघायलोत. म्या ठरवलंय, वऱ्हाड दोन दिस आधीच आणायचं. बाया-लेकरं जरा गारव्याला ऱ्हातील."

"यंत्र चुकायलंय ओ. लई ऊन हाय हितं, खरंच सांगतो."

हिंमतराव म्हणाले, "आमी लवकर येऊ नये आसं वाटत आसंल तर तोंडावर सांगा. उन्हाचं निमित्त कशाला?"

"या की, घर तुमचंच हाय," असं म्हणून उत्तरेश्वरनं फोन ठेवला आणि तडक तालुक्याची कचेरी गाठली. तिथं टँकरचं काम नारायणराव बघायचे. ते कुलरसमोर बसले होते. कुलरचं पाणी टाकीतून सांडून फरशीवर ओघळत होतं, आणि उत्तरेश्वरची नजर बोलताना सारखी त्या ओघळाकडं जात होती.

"साहेब, यंत्र चुकायलंय. आमच्याकडं तेहतीस न्हाय."

"यंत्र चुकत नाही हो. माणूस चुकतो."

"माझ्या कपाळाला हात लावून बघा."

"तो ताप आरोग्य खात्याकडे. आमच्याकडे फक्त हवेचा." नारायणरावांनी संगणक त्याच्याकडं वळवला. "हे बघा, तेहतीस. बेचाळीस दाखवा, दुसरी खेप घेऊन जा. माझी काही दुश्मनी आहे का तुमच्याशी?"

दुश्मनी नव्हती, हेच वाईट होतं. दुश्मनाला निदान आपला चेहरा आठवतो. उत्तरेश्वर पत्रिकांचा गठ्ठा तसाच घेऊन भर दुपारी घरी परतला. परसात पाय धुवायला म्हणून गेला, तर कडूबाई तांब्यानं यंत्राला अंघोळ घालत होती.

"माय, काय करायलीस?"

"लेकरू तापलंय बघ. आता कुठं जरा गार झालं."

कुणावर ओरडावं तेच उत्तरेश्वरला कळेना. "तुझ्या लेकरानं गावाचं पाणी तोडलं, माय," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं गोणपाट ओढून काढलं. म्हातारीचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी आपण बिनअंघोळीचं राहिलो त्यानंच दावा साधला, हे तिच्या पचनी पडेना.

मोकळं झाल्याबरोबर यंत्रानं चव्वेचाळीस दाखवले. उत्तरेश्वरला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी फोन आला तो यज्ञेश साहेबाचा. "परवापर्यंत तेहतीस आणि काल एकदम चव्वेचाळीस? असं हवामान नसतं. कुणीतरी यंत्राशी छेडछाड केलीय. शेकोटी वगैरे पेटवली का खाली? सरकारी यंत्र आहे, गुन्हा दाखल होईल. मी तपासणीला येतोय."

आता खरं सांगायचं तर म्हाताऱ्या आईला पोलीस ठाण्याची पायरी. न सांगावं तर तेहतीसच खरे. उत्तरेश्वरनं तोंडाला कुलूप घातलं आणि आईलाही बजावलं, "साहेब आला की तू आत बस. एक शबूद बोलू नगं."

यज्ञेश साहेब थंडगार गाडीतून उतरला तो ऐन बाराला. यंत्राच्या खाली शेकोटीची राख शोधत, वाकत, वर बघत, टिपणं घेत तो उन्हात फिरला. उत्तरेश्वरनं दोनदा टोपी पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. मग एकाएकी त्याच्या हातातला पेन गळाला आणि पाठोपाठ साहेबही आडवा झाला.

सगळे धावले. कडूबाईनं आतून ते ऐकलं आणि तिच्यानं राहवलं नाही. वळणीवरचं गोणपाट रांजणात बुचकळून तिनं आणलं आणि साहेबाला डोक्यापासून गुंडाळलं. थोड्या वेळानं साहेबानं डोळे उघडले. "फार बरं वाटलं आजी," तो म्हणाला. "हे कुठलं गोणपाट?"

"हे व्हय? हे तर त्या आपल्या..."

"बैलाचं हाय साहेब," उत्तरेश्वर मध्येच म्हणाला. "बैलाच्या अंगावर टाकतो."

साहेब बैलाच्या पांघरुणात पडून चहा प्याला आणि गेला. उत्तरेश्वरला खात्री होती की आता तरी काम होणार, कारण ज्यानं ऊन मोजायचं तो स्वतःच उन्हानं पडला होता. यापेक्षा मोठा पुरावा कोणतं यंत्र देणार?

चार दिवसांनी नारायणरावांनी त्याला अहवाल वाचून दाखवला. यंत्रात बिघाड दिसतो, सबब ते सीलबंद करण्यात यावे. दुरुस्ती होईपर्यंत आधीच्या नोंदी, म्हणजे तेहतीस अंश, ग्राह्य धराव्यात.

"अन् साहेब पडले त्याचं काय?"

"तेही आहे की." नारायणरावांनी पान उलटलं. "'तपासणीवेळी अधिकाऱ्यास भोवळ आली. तथापि ठिकाणाचे तापमान पाहता उष्माघाताची शक्यता नाही. अधिकारी न्याहारी न करता निघाले होते.' खाली सही यज्ञेश साहेबांचीच. स्वतःची भानगडसुद्धा लपवली नाही त्यांनी. असा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही."

वऱ्हाड खरंच दोन दिवस आधी आलं. हिंमतराव जीपमधून उतरले, मानेवरचा घाम उपरण्यानं पुसला, लांब श्वास घेतला आणि मागच्या गाड्यांकडं बघून म्हणाले, "हवेत फरक हाय का न्हाय?" सगळ्यांनी फरक आहे म्हणून सांगितलं. एका बाईनं तर लेकराला कानटोपी घातली होती. सरकारी आकडा आणि छापील बातमी यांच्यापुढं स्वतःच्या कातडीचं ऐकायची आपल्याकडं पद्धत नाही.

दिवस मावळेपर्यंत आकड्यानं साथ दिली. मग घसे कोरडे पडायला लागले. उत्तरेश्वरनं लग्नासाठी साठवलेली पिंपं वऱ्हाडानं त्या एका संध्याकाळीच संपवली. पुढच्या दोन्ही दिवशी सकाळची खेप तोंडं धुण्यातच गेली. पोरं रडायला लागली, म्हाताऱ्या माणसांना उलट्या व्हायला लागल्या, आणि लग्नाच्या दिवशी दुपारी हिंमतराव मांडवात कोरडा तांब्या घेऊन उभे राहिले.

"पाव्हणं, पाणी?"

"न्हाय व्याही."

"न्हाय म्हंजी?"

"तेहतीस अंशात तहान लागत न्हाय. कचेरीत लिहून हाय तसं." उत्तरेश्वर हे कडवटपणानं बोलून गेला आणि लगेच त्याची मान खाली गेली. सगळा मांडव बघत होता. राजनंदिनी हळदीच्या अंगानं दारात येऊन उभी होती.

लग्न मोडायचं किंवा उठून ढोकीला जायचं, दोन्ही हिंमतरावांच्या मनात येऊन गेलं असणार. पण त्या उन्हात परत जीपमध्ये बसायची कुणाची तयारी नव्हती. त्यांनी फोन काढला आणि आपला स्वतःचा टँकर मागवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लग्न हितंच लागंल. पर पाणी माझं हाय, येवढं ध्यानात ठिवा."

टँकर वेशीतून आत आला आणि मागोमाग सगळं गाव हंडे घेऊन आलं. कुणी कुणाला अडवणार? वऱ्हाडी आणि गावकरी एकाच रांगेत उभे राहिले, नवरदेव बाशिंग बांधून बादली धरून होता. मुहूर्त टळला, पण अक्षता पडल्या, उत्तरेश्वरच्या दारातच पडल्या. जेवणाच्या पंगतीत जो तो पाण्याचा घोट घेऊन हिंमतरावांकडं बघून मान डोलवायचा. उत्तरेश्वर स्वतःच्याच मांडवात आगंतुकासारखा वाढप करत फिरत होता. लेकीला वाटे लावताना तो रडला, तेव्हा लोकांना ते लेकीसाठी वाटलं. निम्मं तसं होतंही.

लग्नानंतर दोन दिवसांनी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा त्यानं कचेरीत फोन लावला. नारायणराव खुशीत होते.

"अभिनंदन उत्तरेश्वरराव, तुमच्या गावाला दुसरी खेप पोचली म्हणे. तक्रार निकाली काढली मी."

"ती व्याह्यानं आणली होती, साहेब. सरकारची न्हाय."

"कुणी का आणेना. खेप मिळाली ना? आणि गाव स्वतःच्या बळावर टँकर आणू शकतं, असं दिसलं की आमचा टँकर बंद होतो. नियम आहे."

"म्हंजी पहिलीबी बंद?"

"तुमचं तर थंड हवेचं गाव," नारायणराव म्हणाले. "तुम्हाला काय अडचण?"

उत्तरेश्वरनं फोन ठेवला. कडूबाई उंबऱ्यावर रिकामा हंडा घेऊन बसली होती. "काय म्हणला रं साहेब?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. म्हातारीनं हंडा भिंतीला पालथा घातला आणि ढोकीच्या वाटेकडं बघितलं.

"आपली राजनंदिनी तेवढी सुटली बघ," ती म्हणाली.