जागेपणीची दुर्बीण

घशातून दुर्बीण घालायची, हे गुरुशांतप्पाने एव्हाना मान्य केलं होतं. वाद उरला होता तो एवढाच, की ती जागेपणी घालायची की झोपेत.

बिदरच्या त्या दवाखान्यात टेबलापलीकडे डॉक्टर सुधारानी बसल्या होत्या. अलीकडे गुरुशांतप्पा, शेजारी त्याची बायको बसव्वा आणि मागे भिंतीला टेकून मुलगा अमरेश. जनवाड्याला गुरुशांतप्पाची पिठाची गिरणी होती. उभा जन्म त्याने ज्वारीची कडक भाकरी कडाकडा मोडून खाल्ली. पण गेले दोन महिने ती भाकरी छातीपाशी येऊन थांबायची आणि तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय हलायची नाही.

"इंजेक्शन देऊन केलं तर तुम्ही झोपाल," डॉक्टर सांगत होत्या. "काही कळणार नाही, नंतर आठवणारही नाही. पण सोबत घरचं माणूस पाहिजे. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. इंजेक्शन नको असेल तर घशात औषधाचा फवारा मारते. कडू असतो. घसा सुजल्यासारखा वाटतो, पण सुजलेला नसतो. उमासे येतात, डोळ्यांना पाणी येतं, ढेकरा येतात. श्वास मात्र चालू राहतो. पाच-सात मिनिटांचं काम. तासाभराने पाणी प्यायचं आणि चालत घरी जायचं."

"इंजेक्शनच द्या," बसव्वा म्हणाली. "ह्येंला दात घासताना बी उमासे येत्यात. समदी गल्ली जागी व्हती."

गुरुशांतप्पाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "म्याडम, मी झोपल्यावर आत काय दिसलं ते कुणाला सांगताव?"

"घरच्यांना सांगते. तुम्ही उठलात की मग तुम्हाला."

"मंग मला झोपायचं न्हाई," गुरुशांतप्पा म्हणाला.

त्याच्या या हट्टाला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या भावाच्या, संगमेश्वरच्या घशात सोलापूरला अशीच दुर्बीण घातली होती, इंजेक्शन देऊन. अण्णा आत घोरत पडला होता आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन गुरुशांतप्पाला कोपऱ्यात नेलं होतं. गाठ वाईट होती आणि उशीर झाला होता. गुरुशांतप्पाने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, आत गेला आणि जाग्या होणाऱ्या भावाला म्हणाला, "काय बी न्हाई अण्णा. पित्त वर यायलंय. जरा सूज हाय." डॉक्टरांनाही त्याने हेच बोलायला लावलं. वहिनीला पढवलं, बसव्वाला पढवलं, अमरेशला पढवलं. इंग्रजी कागद शेजारच्या श्रीपतराव मास्तरांकडून अण्णासमोर वाचून घेतला, आणि मास्तरांनी त्यात नसलेलं पित्त इतक्या सफाईने वाचलं की ऐकणाऱ्याला आंबट ढेकर यावी. अण्णा सात महिने पित्ताच्या गोळ्या खात गेला. शेवटपर्यंत त्याला पत्ता लागू दिला नाही, याचं गुरुशांतप्पाला दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

आता असा माणूस घरच्यांवर विश्वास ठेवील कसा? त्या सगळ्यांना तयार केलं होतं त्यानेच.

ठरल्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. सकाळी अंघोळ झाली, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली, तीर्थ झालं. तेवढ्यात निलम्मा वहिनी आली. संगमेश्वरच्या मागे ती परसदारच्या दोन खोल्यांत राहायची. भल्या पहाटे बसवण्णाच्या देवळात जाऊन तिने दिरासाठी परसाद आणला होता. गुरुशांतप्पाने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या संपवला.

दवाखान्यात नर्स ईरम्माने विचारलं, "काय खाल्लाव का सकाळी?"

"न्हाई," गुरुशांतप्पा म्हणाला. "न्हाई," बसव्वा म्हणाली. "घोटभर च्या बी न्हाई," अमरेश म्हणाला. यांतलं कुणीही आपण खोटं बोलतोय असं समजत नव्हतं.

मग त्याला डाव्या कुशीवर निजवलं. फवारा मारला, आणि जीभ दुसऱ्याच कुणाची तरी तोंडात आणून ठेवल्यासारखी झाली. दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी अडकवली. नळी आत सरकू लागली तसा गुरुशांतप्पाला जो उमासा आला, त्याने बाहेर बाकावर बसलेले तीन पेशंट उठून घरी गेले. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी चाललं होतं. पण त्याने कान मात्र उघडे ठेवले होते. डॉक्टर बोलतील तो शब्द आधी आपल्या कानावर पडला पाहिजे, एवढ्यासाठी तर हे सगळं चाललं होतं.

आणि डॉक्टर बोलल्या. पडद्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "हे काय? केळं?"

तोंडात नळी असल्यामुळे गुरुशांतप्पाला खुलासा करता येईना. तो दारातून बसव्वाने केला. "केळं न्हाई म्याडम. परसाद हाय त्यो."

"केळ्याचाच ना?"

"व्हय, केळ्याचाच. पर परसाद मंजी काय खाणं झालं का? देवाच्या परसादाला नगं म्हनायचं नसतंय."

डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. आता उद्या पुन्हा, आणि केळ्याशिवाय. मग त्या अमरेशला घेऊन बाहेर गेल्या. काचेच्या दारापलीकडे त्या बराच वेळ बोलत होत्या आणि अमरेश मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने हात जोडले. खरं तर डॉक्टर त्याला केळ्यावरून झाडत होत्या, आणि वर सांगत होत्या की तुझे वडील फार घाबरलेत, आठ-दहा दिवस त्यांना घरात कुणी टोचून बोलू नका, मनाला त्रास झाला की त्यांचं पित्त उसळेल. पण काचेतून आवाज येत नाही. गुरुशांतप्पाला दिसला तो फक्त मुलाचा पडलेला चेहरा. सोलापुरात आपला चेहराही असाच पडला होता, हे त्याला आठवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा, पुन्हा नळी. नर्सने, डॉक्टरांनी आणि बसव्वाने इंजेक्शनसाठी परोपरीने विनवलं, पण तो ऐकला नाही. सहा मिनिटं तो जागेपणी मरत राहिला. नळी निघाल्यावर डॉक्टर त्याच्याकडे वळून चक्क हसल्या.

"काही नाही हो. गाठबीठ नाही. पित्त वर येतंय, त्यानं सूज आलीय. खबरदारी म्हणून एवढासा तुकडा तपासायला काढलाय, आठ दिवसांनी कागद येईल."

पित्त आणि सूज. शब्द न शब्द त्याचाच होता. सहा वर्षांपूर्वी त्याने सोलापूरच्या डॉक्टरांच्या तोंडी घातलेलं वाक्य फिरून त्याच्याकडेच आलं होतं. काल बाहेर हे ठरलं तर, गुरुशांतप्पाने मनाशी म्हटलं. जागं राहून उपयोग झाला नव्हता. डॉक्टर आणि अमरेश एक दिवस आधीच भेटले होते.

घरी आल्यापासून सगळे गोड बोलू लागले. बसव्वा गव्हाच्या खिरीसारखी मऊ हुग्गी करून वाटीने भरवायला बसली. रोज सकाळी वादाला उभा राहणारा अमरेश जे सांगाल त्याला "व्हय अप्पा" म्हणू लागला. गुरुशांतप्पाने परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याने ओला टॉवेल गादीवर टाकला. बसव्वाने तो मुकाट्याने उचलून दोरीवर घातला. त्याने आमटी अळणी आहे म्हणून ताट सरकवलं. तिने दुसरी आमटी केली. शेवटी तिसऱ्या दिवशी त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"तुझ्या चिंताकीची माणसं," तो म्हणाला, "आपल्या लग्नात वऱ्हाडाला अर्धपोटी उठवले. तवाच वळखलो मी, हलकी माणसं हायत."

चिंताकी म्हणजे बसव्वाचं माहेर. अडतीस वर्षांत या वाक्यावर घरातली चूल तीनदा बंद राहिली होती. आता बसव्वाने पदराचं टोक हातात धरून पिळलं, ओठ दाबले आणि ती म्हणाली, "व्हय. हायतच तशी."

 गुरुशांतप्पाला आता शंकाच उरली नाही.

त्यानंतर तो निरवानिरवीला लागला. गिरणीच्या दगडी पाट्यांना छिन्नीने टाकी कशी लावायची ते त्याने अमरेशला पुन्हा एकदा दाखवलं, आणि अमरेशने, ज्याला ते पंधरा वर्षं येत होतं, ते नव्याने शिकून घेतलं. मग तो एकटाच शेतात गेला. अण्णाची समाधी तिथे होती. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात. किती जागा लागते हे गुरुशांतप्पाला ठाऊक होतं. समाधीच्या डाव्या अंगाचं गवत त्याने काढलं, दगड वेचले आणि त्या मोकळ्या जागेत स्वतःच मांडी घालून बसून पाहिलं. जागा पुरत होती. त्याला रडू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून तो पोटभर रडला.

आठव्या दिवशी कागद आला. अमरेशने वाचला, चांगला आहे म्हणाला. गुरुशांतप्पा तो घेऊन श्रीपतराव मास्तरांकडे गेला. मास्तरांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "कॅन्सरचं लक्षण नाही म्हणून लिहिलंय गुरुशांतप्पा. पित्तानं आलेली सूज. गोळ्या घे, बस्स."

"मास्तर, अण्णाच्या टायमाला बी तुमी ह्येच वाचला होताव."

"तवा तूच वाचायला लावला होतास की, बाबा!"

"मंग आता कुणी लावलंय?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. देवाची शपथ घेतली, मुलांची घेतली, शेवटी कागदावरच्या अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. गुरुशांतप्पा त्यांच्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. अण्णासमोर त्यांनी अशीच बोट ठेवून अक्षरं दाखवली होती.

दुपारी तो परसदारी गेला. निलम्मा वहिनी सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"वैनी, तुमी देवाधर्माच्या बाई हाव. खोटं बोलू नका. माझे किती दिवस ऱ्हायलेत?"

"कशाचे दिवस?"

"समदे गोड बोलायलेत मला. बसव्वाला चिंताकीवरनं बोललो, तरी गप हाय ती."

निलम्माने हातातला खडा फेकला. "गप? रोज दुपारी तुमी झोपलाव की हितं येऊन बसती. तासभर तुमच्या नावानं बोटं मोडती. डॉक्टरनं अमरेशला सांगितलंय म्हनं, तुमाला काय बोलायचं न्हाई, पित्त वाढतंय. काल म्हनली, 'अक्का, आठ दिवस सरू द्या. टॉवेल, आमटी, चिंताकी, समदं एकदम काढते. जित्ता सोडत न्हाई त्यांला.' मरनाऱ्या माणसाला कुणी असलं बोलतंय व्हय भावजी?"

 गुरुशांतप्पाच्या सगळं एकदम ध्यानात आलं. डॉक्टर, काचेचं दार, अमरेशचं "व्हय अप्पा", पिळलेला पदर. आणि तो हसू लागला. इतका हसला की उमासा यावा तसं पोट धरून वाकला. मास्तरांची शपथ आठवून हसला, शेतात मांडी घालून बसलेल्या स्वतःला आठवून हसला. आपण जगणार होतो. किती तरी दिवसांनी त्याला स्वच्छ भूक लागली.

"मी बी काय येडा," डोळे पुसत तो म्हणाला. "खोटं असलं की ते असं वरनं दिसत नसतंय. खोटं कसं बोलायचं ते माझ्याकडनं शिका म्हनावं. अण्णाला सात महिने पत्ता लागू दिलो का मी?" आणि पुन्हा हसला.

निलम्माचा सुपातला हात थांबला.

"त्यांला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सोलापुरावरनं तुमी आलाव. गिरणीचा पट्टा बदलायचा का न्हाई, ह्येच्यावरनं तुमा दोघांचं महिनाभर भांडण चालू होतं. त्या सांजंला त्यांनी पट्ट्याचं काढले आन तुमी म्हनलाव, 'अण्णा, तू म्हनशील तसं.' तुमी गेल्यावर ते मला म्हनले, 'निला, माझं संपलंय. गुरु उभ्या जन्मात असं म्हनला न्हाई.' "

गुरुशांतप्पाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, त्याला ते आवरायचं सुचलं नाही.

"मंग... मंग बोलला कामून न्हाई त्यो? सात महिने त्या गोळ्या कामून खाल्ला?"

"म्हनले, 'लई जिवावर येऊन खोटं बोलायलाय त्यो. मला कळलंय म्हनून त्याला कळलं तर मोडून पडंल. त्याला कळू दिऊ नगं.' गोळ्या तुमी समोर असलाव की खायचे. तुमी मला शपथ घातला होताव, त्यांनी बी घातले. दोघा भावांच्या मधी मी सात महिने येड्यावानी हसत ऱ्हायले."

परसात चिमण्या सांडलेली डाळ टिपत फिरत होत्या. निलम्मा पुन्हा खडे निवडू लागली होती. गुरुशांतप्पाने विचारलं,

"सहा वर्सं बोलला न्हाईत वैनी. मंग आज कामून सांगितलाव?"

"तुमी लई हसायला होताव," निलम्मा म्हणाली आणि सूप झटकून आत गेली.