तालुकदाराच्या बंगल्यातला पणजोबांचा फोटो

मुखेडच्या पिराजीकडं फुशारकी मारायला एकच गोष्ट होती, पण ती लई दांडगी होती! "निजामाच्या काळात तालुकदार साहेबानं, म्हंजी तवाच्या कलेक्टरनं, आमच्या अण्णाराव पणजोबाला बंगल्यावर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला अन् फोटो काढला!" तो फोटो घरात कुणीच पाहिला नव्हता. तरी लेक करिश्माला पोरासाठी बघायला आलेल्या लोह्याच्या शेषेरावांना त्यानं पोह्यांच्या आधी हीच गोष्ट वाढली.

अन् पेपरात बातमी आली! त्या सरकारी बंगल्यात जुने फोटो मांडलेत, रविवारी सगळ्यांना खुले. पिराजीनं लगेच फोन लावला.

"पाव्हणं, चला! आमचं खानदान डोळ्यानं बघा, मगच होकार द्या!"

"हाव, फोटो बघूनच देऊ," शेषेराव म्हणाले.

रविवारी पिराजी बंगल्यात सगळ्यांच्या पुढं घुसला. फोटो सापडला. तालुकदार होता, हातही होता. पण तो खांद्यावर नव्हता, कानावर होता! खाली लिहिलेलं: 'अण्णाराव मुखेडकर व साथीदार. बागेतले पेरू चोरताना धरले.'

पिराजीला दरदरून घाम फुटला. मागून शेषेरावांचं खाकरणं ऐकू आलं. तो गर्रकन वळला अन् पालीसारखा पाठीनं फोटोला चिकटला!

"कुठंय फोटो?"

"दिसून न्हाई राहिला. तुम्ही पलीकडं बघा, तिकडं घोडे हायत!"

तेवढ्यात लातूरच्या चार बाया आल्या. "दादा, तुम्ही इथले गाईड का?"

गाईडला हलवणार कोण! "हाव!" पिराजी म्हणाला. "ती समोरची खुर्ची बघा. साहेब बसला की अशी करकरायची, की गावातले कोंबडे आरवायचे! अन् त्या झुंबरात साहेबाचं मांजर झोपायचं!"

गर्दी वाढली. पिराजीच्या थापाही वाढल्या. बायको रुक्मिणबाई त्याला शोधत आली.

"अहो, तुम्ही गाईड कधी झालात?"

"गप गं! सरकारी काम हाय!"

शेवटी आता त्या बंगल्यात राहणाऱ्या कलेक्टर मॅडमच येऊन उभ्या राहिल्या. "वा! मांजराचं आम्हालाही माहीत नव्हतं. तुमच्या मागच्या फोटोची काय गोष्ट?"

"मागं नुसती भिंत हाय, मॅडम."

"जरा सरका बघू."

आता सरकारच म्हणतंय सरका! पिराजी सरकला.

शेषेरावांनी चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"पाव्हणं," पिराजी रडवेला झाला, "भूक लागली आसंल हो पणजोबाला! पोरीचा काय दोष?"

शेषेरावांचं लक्षच नव्हतं. तालुकदाराच्या दुसऱ्या हातातही एक कान होता. त्या कानाच्या मालकावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा भुवईवरचा मस... हे तर आमचे आजोबा हायत! आम्हाला म्हणायचे, साहेबानं बाग दाखवायला नेलं होतं!"

"म्हणजे आपली सोयरीक तवाच जुळलीय की!" रुक्मिणबाई म्हणाली.

सगळा दिवाणखाना हसला. शेषेरावांनी पिराजीला मिठी मारली, होकार दिला. मॅडमनी चहा पाजला.

निघताना फाटकावरच्या शिपायानं बाकी सगळ्यांना सोडलं अन् पिराजी-शेषेरावांना तेवढं थांबवलं. "राग मानू नका, पण पिशव्या दाखवा."

दोघांनीही मुकाट्यानं दाखवल्या.